मे महिन्यातला मारवा

सोलापुरात मे महिन्यात शास्त्रीय संगीत ऐकायला निघालेला माणूस लांबूनच ओळखू येतो. त्याच्या खांद्यावर टॉवेल असतो. टेरी टॉवेल आमच्या गावातच विणले जातात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, त्यामुळे झब्ब्यावर टॉवेल हा अवतार इथं कुणाला खटकत नाही. त्यानं घाम पुसता येतो, वारा घेता येतो, मास्तरांसाठी शेजारची जागा धरता येते. पण त्याचा खरा उपयोग बसण्यासाठी. दिवसभर ४३ अंशांत उभी असलेली पत्र्याची खुर्ची संध्याकाळी सहा वाजता रसिकाचं जे स्वागत करते, त्याचं वर्णन चारचौघांत करता येत नाही.

घरून निघतानाच पहिली परीक्षा. गल्लीच्या तोंडाशी मित्र भेटतो.

"काय बे, कुठं निघालास ह्या उन्हात?"

"गाण्याला."

"कुणाचं लग्न हाय?"

शास्त्रीय गाणं आहे असं सांगितल्यावर त्याचा चेहरा गंभीर होतो आणि तो घरच्यांची चौकशी करतो. आमची ही तर त्याच्याही पुढची. "मोबाइलवर ऐका की. पंखा आहे, माठातलं पाणी आहे, हवा तोच गायक आहे." तर्क बिनतोड असला की त्याला उत्तर देत बसू नये, चपला घालाव्यात.

महोत्सव एका शाळेच्या पटांगणात भरतो. पत्रिकेवर 'सायं. ६ वा. (वेळेवर)' असं छापलेलं असतं. कंसातला शब्द पाहिला की जाणकार सातला निघतो. आमचे मास्तर मात्र पावणेसहालाच हजर. मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तास सुरू झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या खिशात एक छोटी वही असते. कोणता राग किती वाजता सुरू झाला याची त्यात नोंद, आणि पुढं शेरा. सकाळचा राग संध्याकाळी कुणी गायला, तर शेऱ्याच्या जागी नुसती लाल रेघ.

परवा पहिलं पुष्प पुण्याहून आलेल्या एका गायिकेचं होतं. त्यांनी मारवा योजलाय, ही बातमी मास्तरांनी कुठून तरी काढलेली. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग. मे महिन्यात आमच्याकडे सूर्य सातच्या आसपास मावळतो. सहाला सुरुवात, पाच मिनिटं दीपप्रज्वलन, दहा मिनिटं सत्कार, मग वाद्यं लावून सव्वासहा-साडेसहाला आलापी आणि ऐन सूर्यास्ताला विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, रंगात, असा मास्तरांचा हिशोब. हिशोबात फक्त प्रमुख पाहुणे धरलेले नव्हते.

पाहुणे पावणेसातला आले. मग समई. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे कूलर घरघरत होते. पाहुण्यांनी काडी ओढली, कूलरनं ती विझवली. दुसरी ओढली, तीही गेली. चिटणिसांनी कूलर बंद करायला सांगितलं. पहिली वात लागली, तोवर मंचावरच्या सात मान्यवरांच्या कपाळावरून घामाचे ओघळ सुरू झाले, म्हणून कुणीतरी सद्भावनेनं कूलर परत चालू केला. समईच्या पाच वाती एकाच वेळी पेटलेल्या अशा पाहायला मिळाल्याच नाहीत. शेवटी एका स्वयंसेवकानं समईच्या आडोशाला कार्यक्रमाचा फलक धरला, आणि फोटो निघाला तो फलकाच्या पाठीचा.

मग सत्कार. सोलापुरात पाहुण्याला मान द्यायचा तर तो चादरीनं. इतर गावांत शाल देतात, ती निदान पातळ तरी असते. आमची चादर म्हणजे आयुष्यभर टिकणारी वस्तू. पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला लोक तीच अंगाभोवती लपेटून बसतात आणि ऊब घेत गाणं ऐकतात. ती मे महिन्यात, कूलरसमोरून बाजूला घेऊन, गायिकेच्या खांद्यांवर घडी मोडून पांघरण्यात आली. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, एक मिनिट, तसंच राहू द्या." बाईंनी हसत ते मिनिट काढलं. त्या क्षणापासून माझ्या मनात त्यांच्या तयारीबद्दल शंका उरली नाही. एवढा दमसास रियाझाशिवाय येत नाही.

पाहुण्यांनी "मला संगीतातलं काही कळत नाही" अशी सुरुवात करून तो मुद्दा पाऊण तास प्रामाणिकपणे सिद्ध केला. मास्तर आभाळाकडं बघत होते. शाळेच्या इमारतीमागं सूर्य गेला, लाली गेली, पहिली चांदणी आली. पाहुणे रस्तेविकासावर होते.

"गेला मारवा," मास्तर म्हणाले. "आता यमन घ्यावा लागणार. वेळ टळलेला राग म्हणजे शिळी भाकरी हो."

"मास्तर, सोलापुरात भाकरी मुद्दाम वाळवून कडक करतात, आणि शेंगाचटणीबरोबर तीच लोक पुण्या-मुंबईला बांधून नेतात."

मास्तरांनी हे वहीत लिहिलं नाही.

यानंतर सुरू झाला तो तबला आणि कूलर यांच्यातला सामना. ज्यांनी हा जवळून पाहिलेला नाही त्यांना उन्हाळी महोत्सव म्हणजे काय ते कळणार नाही. तबल्याची पुडी कातड्याची. कोरड्या गरम हवेत ती ताणली जाते आणि तबला चढतो. दमट हवेत ती सैलावते आणि तबला उतरतो. तानपुऱ्याच्या तारा धातूच्या, त्या तापल्या की सैलावतात आणि तानपुरा उतरतो. म्हणजे नुसत्या उन्हाळ्यातच या दोघांची तोंडं दोन दिशांना. त्यात कूलर, जो ओल्या वाळ्यातून ओलसर वारा सोडतो. तबलजी बसले होते नेमके डाव्या कूलरच्या झोतात, आणि मागचा एक तानपुरा हॅलोजनच्या दिव्याखाली. तबलजींनी हातोडी उचलली, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, टक्-टक् करत तबला चढवला. कूलरनं दोन मिनिटांत उतरवला. त्यांनी कूलर बंद करायला सांगितला. बंद झाला. आता तबला आपला आपणच चढायला लागला. हातोडी उलटी मारून खाली आणला. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मान्यवरांनी कूलर चालू करायची खूण केली. तानपुऱ्यावरची मुलगी बिचारी मणी सरकवून थकली, मग खुंटीला हात घातला. पेटीवाल्यांच्या हातात मात्र यातलं काहीच नव्हतं. ते दोघांकडं आळीपाळीनं बघत स्वस्थ बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, तसं मी फक्त भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर पाण्याची टाकी फुटल्यावर पाहिलंय.

तबल्याच्या एका मनासारख्या टक्कीला माझ्या मागून "वाह" अशी दाद आली. आमच्याकडे दाद देण्यात कुणी मागं राहत नाही. ती चार भाषांत येते, कारण गावच चार भाषांचं आहे. मराठी "वाह", कन्नड "भले", तेलुगू "बागुंदि", उर्दू "सुभानल्ला", कधी एकाच तानेवर चारही. बाहेरून आलेल्या कलाकाराला हे कौतुक आहे की तक्रार, हे कळेपर्यंत पहिली बंदिश संपलेली असते.

सव्वाआठ वाजले. गायिकेनं माइकवर सांगितलं, "मारवा गायचा विचार होता, पण त्याची वेळ आता टळली आहे. तेव्हा..."

मागच्या रांगेतून आवाज आला, "म्हणा की ताई! आमच्यात अजून ऊनच हाय!"

पटांगण हसलं, पण म्हणणं खोटं नव्हतं. सूर्य गेला तरी फरशी, भिंत, खुर्ची, सगळं त्याच्याच वतीनं काम पाहत होतं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि मारवाच लावला.

आणि माझं स्पष्ट मत असं की, मारवा सोलापुरात मे महिन्यातच ऐकावा. या रागात पंचम, म्हणजे प, नाही. रिषभ, म्हणजे रे, कोमल. आणि षड्ज, म्हणजे सा, जिथं प्रत्येक राग घरी आल्यासारखा विसावतो, तिथं मारवा पटकन टेकतच नाही. रिषभ आणि धैवताभोवती घिरट्या घालत राहतो, षड्जाजवळ जातो आणि शिवल्या न शिवल्यासारखा परत फिरतो. हुरहुर, बेचैनी, टांगलेपण, असं जे पुस्तकांत लिहिलेलं असतं, ते हेच. हिवाळ्यात गादीवर बसून ऐकणाऱ्याला ती बेचैनी कल्पनेनं आणावी लागते. आमच्याकडे पत्र्याच्या खुर्चीवर हजार माणसं न टेकता बसलेली होती. इतका एकजीव श्रोतृवर्ग त्या रागाला दुसरीकडे मिळणार नाही. बाईंनी शेवटी जेव्हा षड्जावर सूर ठेवला, तेव्हा मी टॉवेलची घडी दुहेरी करून खाली नीट सरकवली आणि दोघं एकदमच स्थिर झालो. डोळे भरून आले. घाम होता की काय, ते तपासत बसलो नाही.

विलंबित चांगलं रंगलं होतं. दोन्ही कूलर बंद होते, कुणाची तक्रार नव्हती. अशात चौथ्या रांगेतल्या एका बाईंचा फोन थरथरला. त्यांनी पाहिला, शेजारणीच्या कानात काही सांगितलं. शेजारणीनं पर्स उचलली. कुजबूज रांगेरांगेनं मागं सरकली आणि दोन मिनिटांत उजवी बाजू उठायला लागली. चपलांची शोधाशोध, खुर्च्यांचा खडखडाट. गायिकेच्या चेहऱ्यावर प्रथमच चिंता दिसली. आलाप इतका का खटकावा, हे त्यांना कळेना.

तबलजी सोलापूरचेच. ते वाकून हळूच म्हणाले, "तुमचं काही नाही ताई. पाणी आलंय."

उजनी धरण पाण्यानं भरलेलं असो नसो, आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या खाड्यानंच येतं, आणि येतं तेव्हा वेळ त्याची. त्या वेळी घरात माणूस नसेल तर पुढचे चार दिवस घरात भांडण असतं. म्हणून पाणी आलं की सोलापूरकर लग्नाच्या पंगतीतूनही उठतो, इथं तर मारवा होता. पण एक नमूद केलं पाहिजे. उठलेल्यांपैकी पुष्कळ जण अर्ध्या-पाऊण तासात परत आले. बाह्या वर केलेल्या, पायांना ओल, चेहऱ्यावर पिंप भरल्याची तृप्ती. तोवर जलद लयीतलं द्रुत सुरू झालं होतं. या दुसऱ्या फेरीच्या श्रोत्यांइतकी मोकळी दाद मी कुठं ऐकली नाही. चिंतामुक्त माणूस समेवर बरोबर येतो.

माझ्याही फोनवर निरोप होता: 'पाणी आलं. मी भरते. ऐका तुम्ही.' शेवटच्या दोन शब्दांचा सूर मला कळला. मी ऐकत राहिलो.

साडेनऊला मागून फर्माईश आली, "मल्हार होऊन जाऊ द्या!" उकाड्यानं बेजार माणसाची ती हाक होती. गायिकेलाही गंमत वाटली असावी, कारण त्यांनी पेटीवाल्यांकडं पाहिलं. तेवढ्यात चिटणीस लगबगीनं पुढं आले आणि एक चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती वाचली आणि पदर तोंडाला लावला. मजकूर नंतर कळला: 'कृपया मल्हार नको. वळवाचे दिवस आहेत. मंडपाचं डिपॉझिट भरलंय.'

पुढं अडचण घड्याळाची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. नियम चांगलाच आहे. लग्नाच्या वरातीतला डीजे खिडकीखाली आला की मी स्वतः त्याचे गुण गातो. पण त्यात रात्रीचे राग बिचारे नाहक गेले. १९५३ साली सुरू झालेला सवाई पूर्वी रात्र-रात्र चालायचा. मास्तर तिथं पहाटेपर्यंत बसलेले. काशीला संकटमोचनच्या देवळात एप्रिलच्या उन्हाळ्यातही रात्रभर गाणं होतं, हे ते दरवर्षी सांगतात. आमच्याकडे सहा ते सात ऊन, सात ते आठ भाषण, आणि दहाला फौजदार. उरलेल्या फटीत जे राग मावतात तेवढेच आम्हाला माहीत. उघड्या मैदानात रात्री बाराचा दरबारी ऐकलेला माणूस आमच्या रांगेत फक्त मास्तर.

पावणेदहाला भैरवी सुरू झाली. नऊ पंचावन्नला आभारप्रदर्शन करणारे गृहस्थ कागद उलगडत पायऱ्यांपाशी आले. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि एक मिनिट उरलेलं असताना भैरवी अशी काही मिटवली की त्या गृहस्थांना फक्त "सर्वांचे" एवढंच म्हणता आलं. लाउडस्पीकर बंद झाला. इतकं नेमकं आभारप्रदर्शन मी ऐकलेलं नाही.

मास्तरांच्या वहीत डोकावलो. 'मारवा, रात्री ८.२०.' लाल पेन हातात होतं. मास्तरांनी ते खिशाला लावलं आणि निळ्यानं लिहिलं, 'स्थानिक वेळेनुसार योग्य.'

गर्दी ओसरल्यावर पार्क चौपाटीवर चिटणीस सापडले. बर्फाच्या गोळ्यावर ताव मारत होते. मी विचारलं, "अहो, हे सगळं थंडीत का नाही करत?"

त्यांनी मोकळ्या हाताची बोटं मोडायला सुरुवात केली. "जूनला पाऊस. मग गणपती, नवरात्र, मंडळाची पोरं मोकळी नाहीत. कोजागरीला अर्धं गाव तुळजापूरला चालत. मग दिवाळी. डिसेंबरात ऐकणारे सगळे सवाईला. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. फेब्रुवारी-मार्च परीक्षा, शाळा पटांगण देत नाही. एप्रिलात जयंती. राहिला कोणता?"

"पण एवढ्या उन्हात कलाकार तरी कसे तयार होतात?"

"त्याला काय! ह्या दिवसांत बोलावणारे आपण एकटेच. सगळे मोकळे असतात." त्यांनी गोळ्याचा शेवटचा रंग ओढला. "फक्त एकदा आलेला कलाकार दुसऱ्यांदा हो म्हणत नाही. पण बरंच आहे की. दरवर्षी नवीन माणूस ऐकायला मिळतो."