तुमची पिन का तुटली : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या महिन्यात मी काडतूस न भरता घरच्या घरी चाप दाबायच्या सरावावर लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, 'आधुनिक पिस्तूल रिकामं कितीही वेळा चालवा, त्याला काही होत नाही.' त्याखाली वर्धेकडच्या एका काकांनी लिहिलं :

"सर, आमच्या घरी वडिलांच्या नावची बारा बोअर होती, पिकाच्या राखणीच्या लायसनवर. मी पोरगा असताना रिकामीच खटखट करत बसायचो. त्यात पिन तुटली अन् ऐन भुईमुगात डुकरं आली. वडिलांचा मार अजून आठवते. तुम्ही नेटवर वाचून पोरांच्या डोक्यात हे भरवून राहिले. बिघडली तर दुरुस्त करणारा इथं कुठं आहे? अन् रिकाम्या बंदुकीनं नेम शिकते का कोणी?"

काका, नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले. सोयाबीनची सोंगणी चालू होती हे एक कारण. दुसरं म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचून माझीच एक जुनी फजिती आठवली, जी मूळ लेखात मी सोयीस्करपणे गाळली होती. ती सांगतोच, पण आधी कबुली देतो. ते वाक्य मी मागे घेतलं आहे, लेखात दुरुस्तीही केली आहे.

वाक्य साफ खोटं होतं असं नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलं होतं. 'आधुनिक पिस्तूल' म्हटलं की व्हिडिओतलं ग्लॉक कंपनीचं पिस्तूल डोळ्यांपुढे येतं. त्याचं ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतूस आपल्या देशात सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापांत मोडतं. आपल्याकडे काय असतं? कुणाच्या घरी आजोबांची बारा बोअर, एखाद्याकडे .३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, एनसीसीच्या कॅम्पात .२२ ची रायफल (हे आकडे नळीच्या मापाचे) आणि पोरांच्या हातात छर्‍याची बंदूक. म्हणजे अमेरिकेतल्या माणसाला लागू पडणारं वाक्य मी उचलून अचलपूर-आर्वीच्या वाचकाला दिलं. 'नेटवर वाचून' हा टोमणा एवढ्यापुरता मला बसला.

आता तुमच्या पिनेकडे येऊ. काडतूस भरलेलं असताना पिन जाऊन आदळते ती काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर. ती टोपी मऊ धातूची. पिन तिच्यात रुतते, खळगा पाडते आणि तिथंच तिचा सगळा जोर जिरतो. काडतूस नसेल तर हा जोर कुठेतरी जाणारच. म्हणून खरा प्रश्न एकच विचारायचा, समोर काही नसताना या पिनेला थांबवतं कोण?

नव्या सेंटरफायर पिस्तुलात, म्हणजे ज्याच्या काडतुसाला बुडाशी मधोमध टोपी असते त्यात, तिला थांबवायला स्प्रिंग असते, आणि स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या आत पिनेच्या जाड भागाला टेकायला रुंद खांदा असतो. पोलाद चांगलं, मापं नेमकी. ग्लॉक तर साफसफाईला खोलायचं झालं तरी आधी रिकामा चाप दाबावाच लागतो. कंपनीनंच तसं बनवलंय, तर दाबल्यानं ते मोडेल कसं? शिवाय खरी गोळी सुटताना स्लाइड ज्या ताकदीनं मागंपुढं आपटते, त्यापुढे रिकामा खटका म्हणजे काहीच नाही. पण तिथंही सगळी एका माळेचे मणी नाहीत. चेक बनावटीच्या सीझेड ७५ च्या नव्या प्रकारात पिन जागेवर धरायला एक बारीक आडवी खीळ आहे आणि रिकाम्या ठोक्याचा मार त्या खिळीवर पडतो. महिनोन्‌महिने सराव केला तर ती चेपते, कधी तुटते. म्हणून ते पिस्तूल वापरणारे डमी काडतूस घातल्याशिवाय चाप दाबत नाहीत. डमी म्हणजे दारू नसलेलं, टोपीच्या जागी रबर किंवा स्प्रिंग बसवलेलं काडतूस. पिनेसाठी गादीच म्हणा.

तुमच्या वडिलांच्या बारा बोअरमध्ये ही गादी नव्हती. बाहेर घोडे असलेल्या जुन्या दुनळीत पिन बहुधा नुसती भोकात सरकती असते. स्प्रिंग नसते, असली तर थकलेली. पोलाद कडक केलेलं, म्हणजेच ठिसूळ. तिचं टोक बारीक आणि मागचा भाग जाड, आणि जिथं ही जाडी बदलते तिथं प्रत्येक ठोक्याला ताण गोळा होतो. तार एकाच जागी वाकवत राहिलं की ती तिथंच तुटते, तसं. म्हणून आमच्याकडचे जुने लोक बंदूक ठेवताना घोडे उतरवायचे झाले तर नळीत आधी रिकामी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं कवच घालायचे. तुमच्या वडिलांनी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का? की सांगितलं होतं, म्हणूनच मार पडला?

आता माझी फजिती.

कॉलेजात असताना मी एका क्लबात जायचो. तिथं .२२ चं एक जुनं पिस्तूल होतं. सरावाला रोज दहाच गोळ्या मिळायच्या, त्या पाच मिनिटांत संपायच्या. मग उरलेला तासभर मी रिकामाच चाप दाबत बसायचो. कोणी अडवलं नाही. पंधरा-वीस दिवसांनी एक दिवस गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी काडतूस बसतं त्या जागेत, जाईना. अंगठ्यानं दाबून बसवली, झाडली, तर पुंगळी बाहेर येईना. शेवटी नळीच्या तोंडातून सळई घालून ढकलली. तिच्या कडेजवळ एका बाजूला फुगवटा आला होता. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडून भिंग आणून चेंबरच्या तोंडात पाहिलं. बाराच्या काट्याच्या जागी पोलादात अर्धचंद्रासारखी खाच, बाळाच्या नखाएवढी. पोलाद तिथून दबून आतल्या बाजूला सरकलं होतं. ती खाच माझी होती. एकेक ठोका करून मीच पाडलेली.

.२२ ची गोष्टच वेगळी आहे काका. त्या काडतुसाला मधोमध टोपी नसते, पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. म्हणून पिनही मध्ये न मारता कडेला मारते. आणि काडतूस नसेल तर त्या कडेच्या मागं काय असतं? थेट नळीचा काठ. पिन हातोडी, नळी ऐरण. नागपूरच्या एका कारागिरानं गुळगुळीत, निमुळती सळई चेंबरमध्ये फिरवून आत आलेलं पोलाद परत बाहेर दाबलं. काम दहा मिनिटांचं, पण त्यासाठी पूर्ण दिवस मोडला आणि येण्याजाण्याचं भाडं माझ्या खिशातून गेलं. बोलणी बसली ती वेगळी.

काही नव्या .२२ मध्ये पिन काठापर्यंत पोचायच्या आतच अडेल अशी सोय असते. रुगरच्या मार्क मालिकेतल्या पिस्तुलांत तशी एक आडवी खीळ आहे. ती असेल तर रिकामा चाप चालतो. साफसफाईनंतर ती परत बसवायला विसरलात तर मात्र माझ्यासारखं भिंग शोधत फिरावं लागेल. स्पर्धेच्या बऱ्याच .२२ पिस्तुलांत पिन पडू न देता नुसता चापाचा खटका मिळेल अशी सोय असते. तुमच्या हातातल्या पिस्तुलात काय आहे ते त्याच्या पुस्तिकेत पाहायचं. पुस्तिका हरवली असेल तर 'सोय नाही' असंच धरून चालायचं. झाडलेली पुंगळी घालून दाबलं तरी चालतं, फक्त दरवेळी ती थोडी फिरवायची, म्हणजे पिन तिच्या चेपलेल्या जागीच पडत नाही. काही लोक भिंतीत स्क्रू पिळण्याआधी बसवतात ती प्लास्टिकची गिट्टी वापरतात. हार्डवेअरवाल्याकडे चिल्लर पैशांत मिळते, आणि काम खरंच चोख करते. तिची कड काठावर टेकली पाहिजे आणि अंग आत अडकता कामा नये, एवढं बघून घ्या.

छर्‍याच्या बंदुकीवर मी मूळ लेखात एक ओळही लिहिली नव्हती, आणि आपल्याकडच्या पोरांकडे तीच जास्त. बहिरमच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकांचे ठेले असतात. एकदा तिथं माझ्यासमोर एका पोरानं बंदूक वाकवून, छर्रा न घालताच चाप ओढला. ठेलेवाला हातातला फुगा टाकून धावला, "खाली नको मारू बे, वायसर जाते!" त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं ते मला अख्ख्या लेखात जमलं नव्हतं. या बंदुकीत ताकदवान स्प्रिंग दट्ट्याला पुढं फेकते आणि दट्ट्यापुढं हवा दाबली जाते. नळीत छर्रा अडलेला असेल तर ती हवा क्षणभर कोंडते आणि दट्ट्यासाठी उशीसारखं काम करते. छर्रा नसेल तर हवा भसकन निघून जाते आणि दट्ट्या पूर्ण जोरानं समोरच्या भिंतीवर आपटतो. मग दट्ट्याच्या तोंडावरचा वायसर (वॉशर) फाटतो, स्प्रिंग तुटते, पुढे बंदुकीत दमच राहत नाही. ही बंदूक रिकामी चालवायचीच नाही. एकदाही नाही.

स्पर्धेतलं १० मीटरचं एअर पिस्तूल यापेक्षा निराळं. त्यात टाकीत भरलेली दाबाची हवा असते आणि बहुतेकांत कोरड्या सरावाची वेगळी सोय असते, स्टायर एलपी १० मध्ये आहे तशी. तिच्यात चाप खऱ्यासारखा लागतो, पण हवेची झडप उघडत नाही. ज्यांच्यासाठी मी तो लेख लिहिला होता, त्या आमच्या तालुक्यातल्या चार-पाच पोरापोरींच्या हातात हेच पिस्तूल असतं. निदान त्यांना मी चुकीचं सांगितलं नव्हतं.

दुरुस्तीचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. जिथं सुटी पिन कुरियरनं घरी येते, तिथला माणूस "तुटली तर बदलू" म्हणू शकतो. इथं परवाना दाखवा, हत्यार घेऊन जिल्ह्याचं गाव गाठा, कारागीर भेटला तर सुटा भाग नाही, भाग मिळाला तर तो घासूनपुसून बसवायचा. तेव्हा कंपनी काहीही म्हणो, .३२ वाल्यानंही डमी काडतूस वापरावं असं माझं मत आता झालं आहे. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर पिन घोड्याच्या नाकावरच बसवलेली असते. ते नाक मोडलं तर सगळंच थांबलं.

पण रिकाम्या बंदुकीनं नेम शिकत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. नेम धरताना पिस्तुलाची पुढची माशी (नळीच्या टोकावरची खूण) मागच्या खाचेत बसवून पाहतात; त्या माशीपासून खाचेपर्यंत साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरा. चाप दाबताना मनगट हललं आणि माशी खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर छर्रा टार्गेटवर ३० मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा सात होतो. हात थोडा तरंगला तर एवढं बिघडत नाही, मनगट मोडलं की बिघडतं, आणि मनगट मोडतं ते चाप झटक्यात ओढल्यानं. खरी गोळी सुटताना आवाज आणि धक्क्यात हा झटका दिसतच नाही, माणूस म्हणतो "वारा होता". रिकाम्या पिस्तुलात लपायला जागा नाही. खटका पडताना माशी हलली की हललेली दिसते. तुमच्या ओळखीत कोणी पोलिसात असेल तर विचारा, चांदमारीला नेण्याआधी उस्ताद रिकाम्या रायफलीच्या नळीवर नाणं ठेवून चाप दाबायला लावतात की नाही. नाणं पडलं की पुन्हा. धक्का सहन करायचं मात्र रिकाम्या हत्यारानं शिकता येत नाही, त्याला गोळ्याच जाळाव्या लागतात. तेवढा मुद्दा तुमचा.

एका गोष्टीवर तुम्ही लिहिलं नाही आणि मीही पुरेसं लिहिलं नव्हतं. रिकामं म्हणून दाबलेलं हत्यार रिकामं नव्हतं, हा अपघात पिन तुटण्यापेक्षा फार वाईट. मॅगझिन काढली पण चेंबरमधली गोळी तशीच राहिली, किंवा सराव संपवून गोळ्या भरल्या आणि "एक शेवटचा" म्हणून पुन्हा चाप दाबला. आपल्याकडे घरं कशी, तर इकडे कुडाची भिंत आणि पलीकडे गोठा, नाहीतर शेजाऱ्याची चूल. आमच्याकडे नियम असा की सरावाच्या खोलीत गोळ्या येतच नाहीत, त्या दुसऱ्या खोलीत कुलपात. चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीनं चाचपायचं, दोन्ही. नळीसमोर रेतीच्या गोण्यांची थप्पी. तुरीचं पोतं चालत नाही, हे एका मुलाला मला खरंच सांगावं लागलं होतं.

आता तुम्हाला एक विनंती. तुटलेल्या पिनेचा तुकडा तुमच्या वडिलांनी कुठं डबीत टाकून ठेवला असेल तर शोधा. ती पिढी लोखंडाचा तुकडा फेकत नसे. टोक जिथून जाड होतं बरोबर तिथं तुटली असेल तर दोष तुमच्या खटखटीचा. पण तुटलेल्या जागेवर एका बाजूला जुना काळपट गंज आणि बाकी भाग उजळ दिसला, तर तडा तुमच्या आधीपासून होता. पावसाळ्यात ओल धरून, तेल न दिल्यानं. तसं असेल तर मार तुम्हाला फुकट बसला. फोटो काढून इथंच टाका, मी पाहतो.