केसरी मंगळवारी निघायचा

जानेवारी लागला की एक फॉरवर्ड फिरू लागतो: ‘केसरी हे मराठीतलं पहिलं दैनिक. टिळकांनी १८८१ मध्ये काढलं, पहिल्या अंकापासून तेच संपादक. “सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” या अग्रलेखाबद्दल १८९७ मध्ये त्यांना शिक्षा झाली.’ यात सालं तेवढी बरोबर आहेत.

आधी दैनिकाचं. पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. पुढच्या गाजलेल्या अंकांच्या तारखा कॅलेंडरवर ताडून बघा: १५ जून १८९७, ६ जुलै १८९७, १२ मे १९०८, ९ जून १९०८. पहिल्या अंकासकट सगळे मंगळवार! केसरी साप्ताहिक होता. तो रोज निघू लागला स्वातंत्र्यानंतर. पुण्यातलाच ज्ञानप्रकाश, मूळचा १८४९ चा, १९०४ पासून रोज निघत होता. पुढे तो बंद पडला, त्यामुळे त्याच्या नावाने फॉरवर्ड कोण काढणार?

पहिले संपादक आगरकर. टिळकांकडे इंग्रजी ‘मराठा’ होता. म्हणून तर कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ मध्ये दोघेही डोंगरीच्या तुरुंगात गेले. केसरीचं संपादकपद टिळकांकडे आलं १८८७ मध्ये, आगरकरांशी फाटल्यावर. चिपळूणकर आणि नामजोशी हेही संस्थापकांत होते, पण त्यांना फॉरवर्डमध्ये जागाच नाही.

अग्रलेखाचं प्रकरण मात्र नीट बघायला हवं, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली २२ जूनच्या रात्री. त्यानंतर पुण्यात धरपकड आणि दडपशाही सुरू झाली, तेव्हा ६ जुलैला तो अग्रलेख आला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला तो १५ जूनच्या अंकावर: ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवोत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत. म्हणजे गोळीबाराच्या आठवडाभर आधी छापलेला मजकूर! मथळा झणझणीत म्हणून तोच लोकांच्या तोंडी राहिला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल प्रेम नसणं हीच राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’. नऊ ज्युरर होते. सहा युरोपीय म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. शिक्षा झाली दीड वर्षाची सक्तमजुरी.