रखमा म्हणजे बिघडलेली रुक्मिणी नव्हे

वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात जुनी मतदार यादी उघडा, रुखमाबाई सापडतेच. त्याच गावातल्या शाळेचा आजचा हजेरीपट उघडा, तिथे ती बहुतेक नसते. नाव जुनं वाटलं म्हणून मागे पडलं, इथवर ठीक आहे. पण आता एक नवं खूळ आलं आहे. आजीच्या कागदांवरचं ‘रुखमा’ नातवंडांना अशुद्ध वाटतं आणि ते खोडून ‘रुक्मिणी’ करून घ्यायची धडपड चालते. लोकहो, हे करू नका. भाषेच्या हिशेबाने तो अडाणीपणा आहे आणि जमिनीच्या हिशेबाने तो महागात पडतो.

आधी भाषेचं. ‘रुक्म’ म्हणजे सोनं, मूळ धातू ‘रुच्’, म्हणजे झळकणं. भागवतात विदर्भाच्या भीष्मक राजाला पाच मुलं आणि एक मुलगी: रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली आणि रुक्मिणी. म्हणजे ‘रुक्म’ ही त्या घराण्याची खूण होती. पुढे रुक्मीच्या मुलीचं नाव रुक्मवती, ती रुक्मिणीच्याच मुलाला, प्रद्युम्नाला दिली. मामाची पोरगी करायची रीत इतकी जुनी! रुक्मीची नात रोचना, तिचंही नाव त्याच ‘रुच्’ मधलं.

रुक्मिणीला संस्कृतात ‘वैदर्भी’ही म्हणतात, पण ते नाव तिच्या एकटीचं नाही. दमयंती वैदर्भी, अगस्त्याची लोपामुद्रा वैदर्भी, रामाचे आजोबा अज यांची बायको इंदुमतीही वैदर्भी. इथल्या लेकींना बाहेर गेल्यावर प्रदेशाच्या नावाने ओळखायचे. स्वतःच्या नावाने घरोघर पोचली ती रुक्मिणी.

तिचं कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर, ही परंपरा पक्की आहे. तिथून रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते, ती १५९४ पासूनची सांगतात. अरुणाचलातल्या इदू मिश्मी लोकांतही रुक्मिणी आपली असल्याची श्रद्धा आहे, आणि गुजरातेत पोरबंदरजवळच्या माधवपूर घेडला तिच्या लग्नाची जत्रा भरते. त्यांनी मानावं, आनंद आहे. ग्रंथ मात्र विदर्भच सांगतात. कृष्णाकडून हरलेला रुक्मी बहिणीला सोडवल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही म्हणून भोजकट वसवून राहिला, असं भागवत म्हणतं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट अचलपूरजवळच्या चम्मकला सापडला, त्यात हे गाव ‘भोजकट राज्यात’ असल्याचं कोरलेलं आहे. पोथीतलं नाव तांब्यावर मिळालं, आणि तेही अमरावती जिल्ह्यातच.

नाव सोशिक बाईचं वाटतं कुणाला, तर त्यांनी भागवतातलं तिचं पत्र वाचावं. सातच श्लोक आहेत. त्यात प्रेम आहे, पण शेवटाला सरळ बेत आहे: लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून मला ने, म्हणजे महालात शिरून माझ्या माणसांना मारावं लागणार नाही. ते देऊळ अमरावतीच्या अंबादेवीचं की कौंडण्यपुरातलं, यावर दोन्हीकडचे भाविक कधी एकमत होणार नाहीत.

आता ‘रुखमा’ कुठून आली? प्राकृतात ‘क्म’चा ‘प्प’ होतो. हेमचंद्राच्या व्याकरणात तसा नियमच आहे. म्हणून जैन आगमांत कृष्णाच्या राणीचं नाव ‘रुप्पिणी’ आहे. ते रूप मराठीत टिकलं नाही. मराठीने संस्कृत नाव नव्याने घेतलं आणि आपल्या जिभेवर वळवलं: जोडाक्षर फोडलं, ‘क’चा ‘ख’ झाला, ‘उ’ एक घर पुढे सरकला, शेवटचं ‘इणी’ गळालं आणि जागेवर ‘आई’ बसली. झाली रखुमाई. ज्ञानेश्वरांच्या अभंगांची मुद्रा ‘बापरखुमादेवीवरु’ आहे. आईचं नाव रुक्मिणी असलेल्या माणसाने देवीसाठी ‘रखुमा’ वापरलं, तेही तेराव्या शतकात. तुकोबांची थोरली बायको रखमाबाई. रोजच्या आरतीत ‘रखुमाई’ आणि ‘रखुमाबाई’ दोन्ही येतात. हे सगळे अशुद्ध बोलत होते काय?

विदर्भात त्यावर आणखी एक थर चढला. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून ‘रुखमिनी’. ‘उ’ मात्र आपल्याकडे पुष्कळदा पहिल्याच अक्षरावर राहिला: रुखमा, रुखमी, रुकमा. पश्चिमेकडे ‘रखमा’ जास्त, इकडे ‘रुखमा’ जास्त, पण भिंत घातलेली नाही. एकाच घरात दोन्ही ऐकू येतात. गुजरातीत ‘रुक्ष्मणी’, हिंदीत ‘रुक्मणी’, तमिळमध्येही ‘रुक्मणी’. टीव्हीवरच्या मालिकांमुळे हे ‘मणी’वालं रूप आता आपल्याकडे लग्नपत्रिकेत दिसू लागलं आहे. ते मराठी नव्हे, एवढंच सांगतो.

साहित्यात हे नाव आपल्याच मातीत आधी गायलं गेलं. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या लटक्या लग्नाच्या वेळी महदाइसेने ‘धवळे’, म्हणजे लग्नगीतं, रचले, विषय रुक्मिणीचं लग्न. मराठीतली आद्य कवयित्री ती हीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्राचं रुक्मिणीस्वयंवर आलं, आणि १५७१ मध्ये एकनाथांचं. मुलीचं लग्न जुळावं म्हणून जे पारायण करतात ते एकनाथांचं.

न्यायालयातही हे नाव गाजलं. डॉ. रखमाबाई (१८६४ ते १९५५). अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याकडे नांदायला जायला नकार, १८८४ मध्ये नवऱ्याचा दावा. १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूने. १८८७ मध्ये उलटा, की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. तिने तुरुंग पत्करीन म्हणून कळवलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली. त्या खटल्याच्या इंग्रजी कागदांत तिचं नाव जसं लिहिलं तसं आज देवनागरीत उतरवलं तर ‘रुख्माबाई’ होतं. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत मराठीत, या येरझारीत नाव बदलतं. नेमका हाच घोळ आज आधार कार्डावर होतो.

जुने कागद वाचताना काय बघायचं? मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, तेव्हा ‘रु’ की ‘रू’ यावर वाद घालू नका. नावामागचा शब्द बघा. ‘रखमा वल्द’, म्हणजे अमक्याचा मुलगा, असेल तर तो पुरुष आहे; रखमाजीचं तुटकं रूप पुरुषांचंही असे. ‘रखमा जौजे’ म्हणजे अमक्याची बायको, ‘रखमी बेवा’ म्हणजे अमक्याची विधवा. एवढं न पाहिल्यामुळे वंशावळीत चुलत आजोबाची आजी झालेली असते! आणखी एक गोष्ट डोळ्यांत सलते. मालगुजाराच्या घरची ती ‘रुक्मिणीबाई’, मजुराच्या घरची ‘रखमी’. बारशाचं नाव एकच. ‘बाई’ लावायची की नाही हे लिहिणाऱ्याने जात आणि जमीन पाहून ठरवलं. ‘रखमी’ची लाज वाटायची असेल तर त्या कारकुनाची वाटू द्या.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध घरांतून पौराणिक नावं जाणीवपूर्वक गेली. रमा, यशोधरा, सुजाता, प्रज्ञा आल्या. ते समजून-उमजून केलेलं सोडणं होतं. इतरांनी ‘जुनाट’ म्हणून सोडलं, त्यात तसा काही विचार नव्हता.

मग लग्नातलं नाव. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं. नवरा विठ्ठल किंवा पांडुरंग असला की शेवंताची रखमा झालीच. ही रीत आहे, कायदा नाही. पण तिच्यामुळे एका बाईचे दोन जन्म कागदावर तयार होतात: माहेरच्या सातबाऱ्याला शेवंता, सासरच्या रेशन कार्डाला रुखमाबाई. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आला, पण ‘शेवंता मीच’ हे दाखवता न आल्याने तो हक्क अडून बसतो.

आजीचं नाव कागदावर लावायचं असेल तर क्रम असा धरा. पहिल्यांदा सगळ्या नकला गोळा करा: कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शाळेत गेली असेल तर दाखल-खारीज रजिस्टर, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, माहेर आणि सासर दोन्हीकडचे फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी), जुनं रेशन कार्ड. कोतवाल बुकात पुष्कळदा नावच नसतं, ‘मुलगी’ आणि बापाचं नाव एवढंच असतं. तेव्हा तारीख आणि गाव यांवरून जुळवावं लागतं. प्रत्येक कागदावरचं नाव जसं आहे तसं एका वहीत उतरवा, काना-मात्रेसकट, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. मनाने सुधारू नका.

मग या ढिगात असा एक कागद शोधा ज्यात दोन्ही नावं एकत्र आहेत. सगळा जोर त्या एका कागदावर आहे. बहुतेक वेळा तो फेरफारात मिळतो: ‘शेवंताबाई उर्फ रखमाबाई’. मिळाला तर अर्धं काम झालं. नाही मिळाला तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं, पण नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. जोडीला त्या काळचा कागद आणि गावातल्या जाणत्या माणसांचे जबाब हवेत. राजपत्रात नाव बदलून घ्या असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. राजपत्र हयात माणसाने इथून पुढे वापरायच्या नावासाठी आहे. वारलेल्या आजीला ते लागू पडत नाही.

वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यायचा असतो. त्यात, वंशावळीत आणि प्रतिज्ञापत्रात, तिन्हीकडे ‘उर्फ’ लावून सगळी रूपं लिहा: ‘रुखमाबाई उर्फ रखमा उर्फ रुक्मिणी’. कंटाळा करू नका. तलाठ्याने त्यातलं एकच उचलून फेरफार घेतला तर नोंद प्रमाणित व्हायच्या आत, हरकतीचे पंधरा दिवस असतात तेव्हाच, लेखी हरकत द्या. पुढे गेलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती मागता येते, पण ‘खमा’चं ‘ख्मा’ होणं हा लेखनप्रमाद आहे; ‘शेवंता’ची ‘रखमा’ होणं तहसीलदार त्यात बसवून घेईलच असं नाही. तिथे पुरावाच लागतो.

संगणकावर शोधताना ‘रुखमा’ आणि ‘रुख्मा’ ही दोन वेगळी नावं आहेत, पाय मोडण्याच्या चिन्हामुळे. नाव टाकून सापडलं नाही म्हणजे नोंद नाही असं समजू नका; गट नंबरवरून शोधा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो मृत्यूच्या दाखल्यात. आयुष्यभर जिला रुखमा म्हटलं तिला गेल्यावर आदराने ‘रुक्मिणीबाई’ लिहून येतात. बँकेच्या पासबुकात ‘रुखमा’, आधारवर तिसरंच. पैसे अडकतात. २१ दिवसांत नोंद करायची असते, तेव्हा घाईत जाताना आधार आणि पासबुक सोबत न्या आणि पाहून लिहा.

जिवंत आजीच्या आधारमध्ये दुरुस्ती करायची असेल तर लक्षात ठेवा, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. इंग्रजी अक्षरं टाकली की यंत्र देवनागरी स्वतः बनवतं, आणि रखमाची ‘राखमा’, रुक्मिणीची ‘रुक्मिनी’ करून ठेवतं. पडद्यावरचं मराठी नाव वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. आणि दुरुस्ती कोणत्या रूपाकडे करायची? जे सातबाऱ्यावर आणि पासबुकात आहे त्याकडे. शब्दकोशातल्या रूपाकडे नाही.

पोरीचं नाव रुक्मिणी ठेवायचं मनात असेल तर जरूर ठेवा, नुसतं ‘रखमा’ ठेवलं तरी उत्तम; दोन्ही जुनी आणि दोन्ही तितकीच आपली. मात्र जन्मनोंदीतच एक रूप ठरवा. नाव न घालता नोंद झाली असेल तर वर्षाच्या आत फुकट, आणि पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे ही रखमा उद्या आई झाली की तिच्या लेकरांच्या दाखल्यांवरही तिचं नाव जाणार, आणि तिथे ‘रखमा’, ‘रख्मा’ आणि ‘राखमा’ असे तीन प्रकार झाले तर पुन्हा तेच प्रतिज्ञापत्र.

ज्यांच्याकडे ‘रुप्पा’, ‘रुकमन’ किंवा आणखी वेगळं रूप जुन्या कागदात असेल त्यांनी खाली लिहा, गाव आणि कागदाचं साल टाकून. नातेवाइकांची पूर्ण नावं आणि गट नंबर मात्र कमेंटमध्ये टाकू नका.