शाळा बघायला जाल तेव्हा मागच्या बाकावरची वही मागा

मे महिना लागला की मला फोन यायला सुरुवात होते. कधी चुलत जावेचा, कधी माहेरच्या शेजारणीचा. प्रश्न एकच असतो. "ताई, लेकरू पाचवी झालं. सहावीला जिल्हा परिषदेचीच शाळा ठेवू का बीडला इंग्लिश मीडियमला टाकू? आपली शाळा चांगली हाय का?" मी आमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत चार वर्षं होते, त्यातली दोन वर्षं अध्यक्ष म्हणून. त्यामुळे मला सगळं ठाऊक असणार असं बायांना वाटतं. पण मे महिन्यात शाळा बंद असते. बंद शाळा चांगली की वाईट, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ह्या वर्षी संक्रांत झाल्या झाल्या लिहितेय. वर्ग सुरू आहेत, वह्या निम्म्याहून जास्त भरल्यात. बघायचं असेल तर आत्ता जाऊन बघा.

आधी माझ्याकडून काय चुकलं ते सांगते, कारण मी शाळा जोखायला शिकले ती त्यातूनच.

मोठा मुलगा सहावीत गेला तेव्हा मी समितीत नवीन होते आणि आमची शाळा तालुक्यात नावाजलेली होती. भिंतींवर रंगवलेले नकाशे, दारात फुलझाडं, लोकवर्गणीतून घेतलेला स्मार्ट टीव्ही. 2015 साली सरकारनं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आणला, त्यानंतर गावोगाव शाळा डिजिटल करायची लाट आली होती, आणि त्या टीव्हीसाठी मी स्वतः घरोघर फिरून पैसे गोळा केले होते. फाटकावर शिष्यवृत्तीधारक मुलांचं बॅनर होतं. मुलाच्या प्रगती पुस्तकात गणिताला अ-2 श्रेणी होती आणि बाजूला नोंद होती: 'गणितातील संकल्पना समजून घेतो.' मला आणखी काय हवं होतं?

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमचं सोयाबीन सहा बायांनी मिळून गुत्त्यानं, म्हणजे एकठोक मजुरीवर, काढलं. 1,830 रुपये झाले. सासरे ओट्यावर बसून नातवाला म्हणाले, "सांग रे, एकीला किती आले?" त्यानं वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं आणि सांगितलं, "पस्तीस."

एकीला तीनशे पाच यायला हवेत, तिथं पस्तीस रुपये. सासऱ्यांनी दोनदा विचारलं, त्यानं दोनदा तेच सांगितलं. भागाकार चुकला ह्याचं मला फार वाटलं नाही. लेकरं चुकतात. पण दिवसभर वाकून सोयाबीन काढणाऱ्या बाईला पस्तीस रुपये कसे मिळतील, हा प्रश्नच त्याला पडला नाही. त्याच्या लेखी भागाकार फळ्यावरचा आणि मजुरी शेतातली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा त्याची वही नीट बघितली. सगळी गणितं बरोबर. सुवाच्य अक्षर, समास आखलेला, प्रत्येक पानाखाली लाल टिक आणि सही. पन्नास-साठ पानांत एक चूक नाही. म्हणजे सगळं फळ्यावरून उतरवलेलं. जे लेकरू स्वतः गणित सोडवतं त्याच्या वहीत चुका असतात, खाडाखोड असते. चूकच नसलेली वही म्हणजे त्यानं काही केलं नाही आणि त्याचं कुणी काही बघितलं नाही.

हे फक्त आमच्या घरातलं नव्हतं. 'असर' नावाची पाहणी 2005 पासून गावागावांत जाऊन लेकरांना घरी बसवून वाचायला आणि गणित करायला देते. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं, एवढंच साधं गणित असतं. 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी साधारण 45 टक्क्यांनाच ते जमलं. आठवीच्या! हा भागाकार प्राथमिक वर्गातच पक्का व्हायला हवा. तिथं राहून गेलेला असला तरी तो भरून काढायला सहावी, सातवी, आठवी अशी तीन वर्षं हातात असतात. ती तीन वर्षं नुसती निघून जातात.

माझ्या मते ह्याचं कारण असं की मधल्या वर्गांकडे कुणाचंच लक्ष नाही. लेकरांचं वाचन आणि गणित पक्कं करायचं सरकारचं निपुण भारत अभियान तिसरीपर्यंत बघतं. दहावीला बोर्डाचा निकाल असतो, पेपरात येतो, गावात पेढे वाटतात. सहावी ते आठवीचा मात्र गावानं विचारावा असा कुठलाच निकाल नसतो. पाचवीपर्यंत आई अभ्यास घेते, पुढं तिला स्वतःला येत नाही म्हणून ती सोडून देते. लेकरू त्या वयात घरी बोलायचं कमी करतं आणि वर्गात मान खाली घालून बसायला शिकतं. बारा वर्षांचं पोर 'मला येत नाही' असं चारचौघांत कधीच सांगणार नाही.

पुढच्या जूनमध्ये बदलीनं एक पदवीधर शिक्षिका आल्या, गणित-विज्ञानाच्या. इमारत तीच, नकाशे तेच, टीव्ही तर वीजबिल थकल्यामुळे बंदच होता. ऑगस्टमध्ये मी समितीच्या कामानं शाळेत गेले आणि त्यांना विचारून सातवीच्या मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही बघितली. वही मळकी, पानं दुमडलेली. त्यानं 612 भागिले 6 चं उत्तर 12 लिहिलं होतं. बाईंनी त्यावर नुसती फुली मारली नव्हती. लाल शाईत लिहिलं होतं, 'एकाला सहानं भाग जात नाही, मग वर काय लिहायचं? 12 गुणिले 6 करून बघ.' खाली मुलानं गुणाकार केला होता, 72 आले होते, आणि मग त्याचं त्यानंच 102 लिहिलं होतं. पुढच्या पानावर त्याच जातीची तीन गणितं होती: 824 भागिले 8, 535 भागिले 5, 918 भागिले 9. पहिलं चुकलेलं, पुढची दोन बरोबर.

माझ्या पोराचे पस्तीस रुपये ज्या शून्यात अडकले होते, तेच हे शून्य. मी त्या वहीकडे किती वेळ बघत उभी होते कोण जाणे.

तेव्हापासून जो विचारेल त्याला मी हेच सांगते. शाळेत जा, मुख्याध्यापकांना नमस्कार करा, आणि हुशार लेकराची वही दाखवतील ती बाजूला ठेवून मागच्या बाकावरची मागा. चूक कुठं झाली हे शिक्षकानं दाखवलंय का बघा. ती चूक दोन पानांनंतर पुन्हा झालीय का बघा. ऑगस्टमधलं पान आणि जानेवारीतलं पान शेजारी ठेवा. हुशार लेकरू कुठल्याही शाळेत शिकतं, त्याचं श्रेय शाळेला किती द्यायचं? मागं पडलेलं लेकरू पुढं सरकलं असेल तर ते शाळेनंच सरकवलेलं असतं.

त्यासोबत एक प्रश्न विचारा. "सातवीला गणित कोण शिकवतं?" शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा ह्यांसाठी किमान एकेक शिक्षक आणि 35 मुलांमागं एक शिक्षक, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी भाषेचे सर गणित ओढत असतात, आणि मुख्याध्यापकांचा कार्यभारही त्यांच्याच गळ्यात असतो. त्यांना दोष देत नाही. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानं तर सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथं शून्य शिक्षक मंजूर केले. आमच्यासारख्या डोंगराच्या कुशीतल्या गावांत वीसचा पट कुठून आणायचा? तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळा मिळणं हा लेकरांचा हक्क म्हणायचा आणि तिथला शिक्षक काढून घ्यायचा, ही गोष्ट मला कधीच पटणार नाही.

मग विचारा, ते गणिताचे शिक्षक वर्षात किती दिवस वर्गात होते. कायद्यानं ह्या वर्गांना वर्षाला 220 दिवस शाळा हवी. त्याच कायद्याचं 27 वं कलम सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये. तरी कुठली माहिती, कुठलं पोर्टल, कुठला फोटो अपलोड करायचा, ह्यात आमच्या बाईंचे किती तास गेले ते मी डोळ्यांनी बघितलंय. चांगल्या शिक्षकाला फळ्यापासून ओढून नेलं तर शाळा चांगली कशी राहील?

आता आमच्या भागातलं एक दुखणं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. हजेरीपटावर नाव असतं आणि लेकरू सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडात वाढं बांधत असतं. मुलगी असेल तर कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळत असते. सहावी-सातवीचं वय म्हणजे कोयत्याला हातभार लावायचं वय, असंच आमच्याकडे धरतात. म्हणून शाळेत गेलात तर हेही विचारा: "मागच्या वर्षी सहावीत किती लेकरं होती? आज सातवीत किती हायेत? जी नाहीत ती कुठं हायेत?"

आमच्या एका मुख्याध्यापकांना मी हे विचारलं होतं. त्यांनी हजेरीपट उघडलाच नाही. बोटांवर मोजत सांगितलं: दोघी हंगामी वसतिगृहात आहेत, एकजण आजीपाशी राहून शाळेत येतो, एक आईबापासोबत गेला पण जाताना पुस्तकं दिलीत आणि दर रविवारी बापाच्या फोनवर त्याच्याशी बोलतो. आणि एकीचा पत्ता लागत नाही, तिचं लग्न लावतील अशी भीती वाटते, ग्रामसेवकांना कळवलंय. त्या माणसाचा आवाज शेवटच्या वाक्याला बसला. दुसऱ्या एका शाळेत हाच प्रश्न विचारला तर "पट पूर्ण हाय, ताई" एवढंच उत्तर आलं.

मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या. बाहेरून रंगवलेलं असतं म्हणून फसू नका. आत पाणी आहे का, कडी लागते का, आणि बाहेर कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे? एका शाळेत किल्ली ऑफिसातल्या कपाटात, सरांच्या मागं होती. पाळी आलेली सातवीतली मुलगी सरांकडे किल्ली मागेल का? ती घरीच राहते. महिन्याचे चार दिवस धरले तरी दहा महिन्यांत चाळीस दिवस झाले. मग आपणच म्हणतो, पोरीचं लक्ष अभ्यासात नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया असाव्यात असं कायदा सांगतो, तो ह्यासाठीच. मी अध्यक्ष असताना माझं पहिलं काम ती किल्ली कपाटातून काढून दारापाशी खिळ्याला टांगणं हे होतं.

खिचडी खाऊन बघा, लेकरांच्या पंगतीत बसून. एका घासात कळतं.

बॅनरवर आठ फोटो असतील तर वर्गात बत्तीस लेकरं होती हे विसरू नका. शिष्यवृत्तीला बसवलेली आठ आणि न बसवलेली चोवीस. त्यापेक्षा एनएमएमएसचं विचारा. आठवीत ही परीक्षा पास होऊन निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आणि ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या गरीब घरच्या लेकरांसाठीच आहे. किती पास झाली हे नंतर. आधी विचारा, फॉर्म किती जणांचे भरले? उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालायला ज्या बापाला वेळ नव्हता, त्याच्या लेकराचा फॉर्म कुणी भरला का?

इंग्रजी माध्यमाबद्दल एवढंच सांगते, की वही तिथंही मागा. उतरवलेलं हे कुठल्याही भाषेत उतरवलेलंच असतं, आणि तिथं व्हॅनचं भाडं वेगळं द्यावं लागतं.

मागच्या आठवड्यात माझी चुलत जाऊ तिच्या गावच्या शाळेत जाऊन आली. मीच पाठवलं होतं. ती घाबरत होती, "मी सातवी शिकलेली, सरांपुढं काय बोलू?" संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, वही मागितल्यावर सर जरा थांबले, मग स्वतःच उठून मागच्या बाकावरून एक वही घेऊन आले. म्हणाले, "ही बघा. ह्याला अजून दशांश चिन्ह कुठं द्यायचं ते कळत नाही. जूनमध्ये पाढेही येत नव्हते, आता चौदापर्यंत आले. दशांशाला फेब्रुवारी लागंल." जावेनं विचारलं, "माझ्या पोरीला इंग्रजी वाचताच येत नाही, चालंल का?" सर म्हणाले, "कुठपर्यंत येतं तेवढं कागदावर लिहून आणा. तिथून सुरू करू."

तो कागद काल आम्ही दोघींनी बसून लिहिला.