नव्या नगराध्यक्षांना चार समजुतीचे शब्द

सर्वप्रथम अभिनंदन. गाव लहान असलं म्हणून खुर्ची लहान नसते. गळ्यातले हार उतरताहेत तोवर तुमच्या टेबलावर तीन फायली येऊन पडतील: पोलीस, कोर्ट आणि अग्निशमन. तिन्हींचं दुखणं एकच. खर्च भरमसाट, आणि काम चोख झालं तर दाखवायला काहीच नाही. न झालेल्या चोरीचं उद्घाटन करता येत नाही. न पेटलेल्या घरापुढे फीत बांधता येत नाही. तेव्हा या खात्यांकडे सेवा म्हणून बघण्याचा भाबडेपणा करू नका. हा गोठा आहे. कोणती म्हैस किती दूध देते, एवढंच बघायचं.

आधी पोलीस. चोर पकडणं हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. दोन माणसं तीन दिवस त्याच्या मागे धावणार, आणि सापडलाच तर त्याच्याकडे दंडाला पैसे नसणार. असते तर चोरी कशाला केली असती? वाहनचालकाचं तसं नाही. तो खिशात पैसे घेऊनच आलेला असतो, घाईत असतो, आणि परगावचा असला तर तुमचा मतदारही नसतो. गावातून महामार्ग जात असेल तर तुमचं नशीब उघडलं. जात नसेल तर हद्दच जरा लांबवून पाहा. अमेरिकेत फ्लोरिडातल्या हॅम्प्टन या पाचशेच्याही आत वस्ती असलेल्या गावाने शेजारून जाणाऱ्या महामार्गाचा पाव मैलाहूनही छोटा तुकडा हद्दीत ओढून घेतला होता आणि तिथे पोलीस उभे केले होते. याला म्हणतात नगररचना.

त्याच रस्त्यावर वाल्डो नावाचं गाव आहे. वस्ती हजारभर, पोलीस सात, आणि २०१३ या एका वर्षात फाडलेल्या पावत्या साडेअकरा हजारांच्या वर. तान्ह्या बाळासकट माणशी अकरा पडतात. गावाच्या अंदाजपत्रकाचा जवळजवळ निम्मा भार त्या पावत्यांवर होता. पण २०१४ मध्ये तिथल्या पोलिसांनीच भर सभेत सांगून टाकलं की बारा तासांच्या पाळीत बारा पावत्या फाडायचा हुकूम आहे. असा कोटा तिथल्या कायद्याला मंजूर नव्हता. अखेर दलच बरखास्त झालं. यातून कोटा ठेवू नये असा अर्थ काढू नका. कोटा बोलून दाखवू नये, इतकाच घ्या. ‘कामगिरीचं मूल्यमापन’ हा शब्द आहे की. तोच खटका, पण बंदूक फाइलमध्ये.

आता कोर्ट. इथे जरा सावकाश वाचा, कारण खरं दूध इथे आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपले वाडवडील सांगून गेले. त्यांना पायरीवर उभं राहणारा माणूस दिसत होता, पायरीचा मालक दिसला नाही. ओहायोतल्या नॉर्थ कॉलेज हिल गावच्या महापौराला तो बरोबर दिसला. दारूबंदीचे दिवस. दारूच्या खटल्यांत न्यायाधीश म्हणून महापौर स्वतःच बसत. आरोपी दोषी ठरला तर खर्चापोटी त्यांना १२ डॉलर मिळत आणि दंडाचा वाटा गावाच्या तिजोरीत जाई. आरोपी निर्दोष सुटला तर दोघांनाही भोपळा. इतकी निकोप न्यायव्यवस्था क्वचितच पाहायला मिळते: निकाल काय लागणार याची कुणालाच हुरहुर नाही. पण टुमी नावाच्या आरोपीला १०० डॉलर दंड झाला, तो वरच्या कोर्टात गेला, आणि १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की ज्याला दोषी ठरवण्यातच फायदा आहे, त्याने न्यायाला बसू नये. मोठ्या कोर्टातल्या लोकांना लहान गावाच्या अडचणी काय कळणार!

तुम्ही स्वतः बसू नका. त्याची गरजही नाही. न्यायाधीशाची नेमणूक, कारकुनाचा पगार आणि वसुलीचा तक्ता एवढं आपल्या हातात असलं तरी पुरतं. मिसुरीतल्या फर्ग्युसनने, वस्ती सुमारे २१ हजार, हे कसं जमवलं ते अमेरिकेच्या न्याय खात्याच्या २०१५ च्या अहवालात सविस्तर छापलं आहे. अहवाल टीकेचा आहे, पण तुम्ही पाककृतीचं पुस्तक म्हणून वाचा. वित्त अधिकारी पोलीसप्रमुखांना लिहितात की पावत्या वाढल्या नाहीत तर पुढल्या वर्षी वसुली वाढवणं अवघड जाईल. अंगणात गवत वाढलं, दंड. रस्त्यातून चालण्याची पद्धत चुकली, दंड. हो, तसं खरोखर कलम होतं. बायकोने चालण्यावरून बोलणं वेगळं, आणि पोलिसाने पावती फाडणं वेगळं. पण रक्कम बघता दुसरं अधिक मनाला लागतं.

त्यातली माझी आवडती हकीगत एका बाईंची आहे. २००७ मध्ये गाडी चुकीच्या जागी उभी केली म्हणून त्यांना दोन पावत्या मिळाल्या. दंड १५१ डॉलर, वर शुल्क वेगळं. बाईंची परिस्थिती हलाखीची, राहायला धड घर नाही. तारखा चुकल्या. प्रत्येक चुकलेली तारीख म्हणजे नवा गुन्हा, नवा दंड, नवं वॉरंट. दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडी झाली. मधल्या काळात त्यांनी थोडे थोडे करत ५५० डॉलर भरले. सात वर्षांनी, २०१४ च्या डिसेंबरात, त्यांची बाकी निघत होती ५४१ डॉलर. सावकाराने पाटी-पेन्सिल खाली ठेवून साष्टांग नमस्कार घालावा असा हा हिशेब आहे. त्याच महिन्यात त्या कोर्टाच्या अटक वॉरंटखाली सोळा हजारांहून जास्त माणसं होती.

म्हणून तारीख नेहमी कामाच्या दिवशी ठेवा, भर दुपारी. खिडकी एकच उघडी ठेवा. हप्त्याने भरण्याची सोय नक्की असू द्या, फक्त तिचा अर्ज कुठे मिळतो ते कुणाला माहीत नसावं.

उरलं अग्निशमन. ही गोठ्यातली भाकड म्हैस. वर्षभर चारा खाते आणि जेव्हा धावायची वेळ येते तेव्हाही दूध देत नाही. हिच्यावर खर्च करायचाच तर हायड्रंटला, म्हणजे बंबाला पाणी देणाऱ्या रस्त्याकडेच्या नळाला, झगझगीत लाल रंग द्या. रंग दिसतो, पाण्याचा दाब दिसत नाही. दाब तपासायचा तर पाणी सोडून मोजावं लागतं, आणि नसलेला दाब एकदा कागदावर आला की तुम्हाला माहीत होता हे सिद्ध होतं. फोम आणि प्लास्टिकच्या सामानाने भरलेली आजची खोली पाच मिनिटांच्या आत सबंध पेटू शकते. तुमचे स्वयंसेवक जवान तोवर घरी बूट शोधत असतील. मग केंद्र जवळ हवं, असा हट्ट धरणाऱ्यांना सांगा की शेजारच्या गावाशी करार केला आहे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी ही म्हण लोक उगाच कुचेष्टेने वापरतात. कागदावर तिला ‘परस्पर सहकार्य’ म्हणतात.

या धोरणाला फार जुना आधार आहे. रोमन सम्राट ट्राजनच्या काळात निकोमिडिया शहरात मोठी आग लागली. लोक नुसते बघत उभे. पंप नाही, बादली नाही. प्रांताधिकारी प्लिनीने दीडशे माणसांचं अग्निशमन पथक उभारायची परवानगी मागितली. ट्राजनने नाही म्हटलं. माणसं कोणत्याही नावाने एकत्र आली तरी थोड्याच दिवसांत त्यांची राजकीय टोळी होते, तेव्हा साहित्य पुरवावं आणि घरमालकांनी आपलं आपण बघावं, असा त्याचा खलिता. घर जळालं तर परत बांधता येतं, खुर्चीचं तसं नसतं. आजवर याहून स्वच्छ प्रशासकीय शेरा माझ्या वाचनात नाही.

भाकड म्हशीलाही पिळायचंच असेल तर टेनेसीतल्या साउथ फुल्टनकडे बघा. त्या गावाचे बंब हद्दीबाहेरच्या घरांसाठी वर्षाला ७५ डॉलर वर्गणी घेत. २०१० मध्ये वर्गणी न भरलेल्या एका घराला आग लागली. मालक म्हणाला, लागेल तेवढे पैसे देतो. बंब आधी आला नाही. मग आला, पण वर्गणी भरलेल्या शेजाऱ्याचं आवार वाचवायला. जवानांनी तिकडे पाणी मारलं आणि इकडचं घर पूर्ण जळू दिलं, आतल्या कुत्र्या-मांजरांसकट. नियम म्हणजे नियम. पुढल्या वर्षी आणखी एक घर तसंच गेलं, म्हणजे धोरणात सातत्यही होतं.

तुम्हीही अशी वर्गणी सुरू करा. आणि हो, तुमच्या स्वतःच्या घराची भरली आहे ना, ते आजच बघून घ्या. पावती मात्र घरात ठेवू नका.