डिसोझांना गाळलंत कसं?

पायथन स्क्रिप्टमध्ये 'एक्सेप्ट: पास', म्हणजे 'चूक झाली तरी गप्प पुढे जा', असं लिहिणाऱ्यांचे हात बांधून ठेवायला हवेत!

वसईकडच्या एका पतसंस्थेची सभासदयादी. टेक्स्ट फाईलमधून डेटाबेसमध्ये भरायची, एवढंच काम. आधीच्या महाशयांनी काय केलं, तर प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर तोडली आणि तुकडे सरळ इन्सर्ट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला नोंद भरायला सांगणाऱ्या आज्ञेत, चिकटवले. अहो, वसईत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा किती आहेत! इंग्रजीत त्या आडनावांत डीनंतर ॲपॉस्ट्रॉफी येतो. क्वेरीतलं अवतरणचिन्हही तेच, त्यामुळे तो आला की क्वेरीतलं अवतरण मध्येच बंद, एरर, आणि एरर गिळायला 'पास' बसलेलाच. शेवटी स्क्रीनवर छापून येतं, 'इम्पोर्ट यशस्वी'. कसलं डोंबलाचं यशस्वी? जिवंत माणसं यादीतून गायब आहेत!

यावर सुचवलेला उपाय तर आणखी संतापजनक: ॲपॉस्ट्रॉफी पुसून टाका. लोकांची आडनावं आहेत ती, कचरा नाही! आणि उद्या त्याच रकान्यात कुणी मुद्दाम एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञाच, लिहून पाठवलं तर तेही चालवणार का? क्वेरीत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, व्हॅल्यू वेगळी द्या, म्हणजे ती आज्ञा म्हणून चालतच नाही. पीएचपीत त्यासाठी पीडीओ ही सोय २००५ पासून आहे. पायथनच्या 'एक्झिक्यूट'ला दुसरा पॅरामीटर त्यासाठीच असतो. पत्त्यात 'फ्लॅट ४, बी विंग, पापडी' असे स्वल्पविराम येणारच, म्हणून तर अवतरणातले स्वल्पविराम न तोडणारं पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल आहे. वापरा ना ते!

त्यात ती फाईल मध्यंतरी कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली. एक्सेल आकड्यातले १५ अंकच सांभाळतं, त्यामुळे १६ अंकी खातेक्रमांकांचा शेवटचा अंक सरसकट शून्य. हे कुणाच्या नजरेला पडू नये?

मायएसक्यूएल डेटाबेसची अख्खी फाईल एकदम भरणारी 'लोड डेटा लोकल' ही आज्ञा वापरली म्हणून सुटका होत नाही. तिथे चुकीच्या व्हॅल्यूची नुसती वॉर्निंग येते, डुप्लिकेट की (आधीच असलेला ओळख-क्रमांक) असलेली ओळ टाकून दिली जाते आणि काम पुढे चालू. पोस्टग्रेस डेटाबेसचं तसंच 'कॉपी' निदान पहिल्या चुकीलाच थांबतं. तसंच हवं! आधी सगळं टेक्स्ट म्हणून कच्च्या टेबलात घ्या, तपासा, मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं किंवा काहीच नाही अशा पद्धतीनं, खऱ्या टेबलात न्या. फाईलमधल्या नोंदी आणि टेबलातल्या नोंदी जुळल्या नाहीत तर रोलबॅक, म्हणजे सगळं पूर्ववत. आणि नाकारलेली प्रत्येक ओळ, तिच्या क्रमांकासकट, कारणासकट, वेगळ्या फाईलमध्ये लिहा. तेवढी एक फाईल ठेवली असती तर आज काउंटरवरच्या बाईंना, 'काका, तुमचं खातंच दिसत नाही', असं म्हणायची पाळी आली नसती.