मामांना जाळलं, त्यात तुमचं शास्त्र शोधू नका

सकाळी चहा हातात घेऊन फोन उघडला आणि डोकंच फिरलं. नातेवाईकांच्या ग्रुपवर एका महाशयांनी मामांचा हार घातलेला फोटो टाकलाय, खाली भलंमोठं फॉरवर्ड की दहन हीच एकमेव वैज्ञानिक पद्धत, पुरल्याने रोगराई पसरते वगैरे, आणि शेवटी स्वतःची भर, "आपल्या मामांनीही अखेर हाच मार्ग स्वीकारला." त्यावर ढीगभर हात जोडलेले इमोजी. अरे, मामांना विचारलं होतं का कुणी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस लिंगैक्य झाला, म्हणजे वारला, की पुरतात, तेही मांडी घालून बसवून, अंगभर विभूती, डाव्या हातात गळ्यातलं इष्टलिंग, भोवती बेलाची पानं. लातूरकडे आजोबांना असंच आमच्या शेतात, विहिरीच्या वरच्या अंगाला ठेवलं. मी लहान होते, पण खड्ड्यात उतरलेले स्वामी आणि वरून घमेल्याने दिलं जाणारं मीठ अजून डोळ्यासमोर आहे. रडारड होती, पण भीती नव्हती. आजोबा बसलेत असंच वाटत होतं.

पुढे वाटण्या झाल्या. समाधीचा तुकडा ज्याच्या वाट्याला आला त्याने तो विकला, का विकला त्यात जात नाही, घरची धुणी इथे नकोत. नवीन मालक वाईट नाही हो. पण त्याने तारेचं कुंपण घातलं, आणि मामा श्रावणी सोमवारी नारळ-फुलं घेऊन गेले की बांधावर उभं राहून हाक मारायचे, "येऊ का?" स्वतःच्या बापाला भेटायला परवानगी!! तो "या की" म्हणायचा, तरी मामा आत जाताना चप्पल आधीच काढायचे आणि पिकात पाय पडू नये म्हणून सरीतून अंग चोरून चालायचे. मी सोबत होते एकदा, परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत.

म्हणून मामांनी सांगितलं होतं, आजारी पडायच्या कितीतरी आधी, "माझ्या पोरांना दुसऱ्याच्या बांधावर उभं करणार नाही, मला पुण्यातच जाळा आणि मोकळे व्हा." बास. ह्यात विज्ञान कुठे आलं?

आणि विज्ञानाचंच म्हणाल तर 2020 च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेने कोरोनाने गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कुठलाही असो, दहनच करा असं परिपत्रक काढलं होतं, ते लगेच बदलावं लागलं, कारण केंद्राच्या सूचनांमध्ये दफन चालत होतं. लाकडावरची एक चिता म्हणजे तीनशे किलोच्या आसपास लाकूड, त्याचा धूर काय औषधी असतो का? आणि पुरणं "आपलं" नाही म्हणणाऱ्यांनी आळंदीला कशाचं दर्शन घेतो ते आठवावं. संन्याशांना पुरतात, नाथपंथीयांत पुरतात, हिंदूंच्या घरोघरी तान्ही लेकरं पुरतात. सोयीने विसरायचं!

हां, शहरात पुरायला जागा नाही हे मान्य. विद्युतदाहिनीत लाकूड लागत नाही हेही मान्य.

पण माणसं दहन निवडतात ती बहुतेक वेळा मामांसारख्याच कारणाने, मागच्यांच्या गळ्यात जागा आणि तिची राखण नको म्हणून. व्हॅटिकनने 1963 मध्ये कॅथलिकांना दहनाची मुभा दिली. इंग्लंडमध्ये 1885 साली वोकिंगला पहिल्यांदा दाहिनीत दहन झालं, आज तिथे बहुतेक लोक दहनच करतात. हे सगळे काय आपलं फॉरवर्ड वाचून आले? जपानात तर जवळजवळ सगळ्यांचंच दहन होतं आणि नंतर अस्थी घराण्याच्या कबरीत ठेवतात, म्हणजे जाळूनही जागा हवीच असते. मला ते फार समजतं.

कारण खरं सांगू, पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत मामांना दाहिनीत सरकवलं आणि झडप बंद झाली तेव्हा मलाही गलबलून आलं. सवयच नाही ना आम्हाला. मामी तर माती द्यायला हात पुढे करून उभ्या होत्या, आणि तिथे माती नव्हतीच. गावाकडचे काही जण तोंडावर म्हणाले, धर्म बुडवला, बसवण्णांनी काय शिकवलं आणि तुम्ही काय केलंत. त्यांचाही राग आला, पण तो ह्या फॉरवर्डवाल्यांइतका नाही, कारण ते निदान मामांसाठी रडत तरी होते. समाधी विकली जात होती तेव्हा मात्र ह्यातला एकही पुढे आला नाही, हेही लिहून ठेवते.

आता घरात नवीनच सुरू झालंय. ह्या सगळ्या प्रकारानंतर आईने जाहीर केलंय की मला जाळायचं नाही, मला अप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या, शेजारीच ठेवा. भाऊ म्हणतो पुण्यातल्या रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या लोकांच्या दफनभूमीत, बघू, ती म्हणते तिथे माझं कोण आहे. दोघं दुपारपासून बोलत नाहीयेत. त्या मालकाचा नंबर मामींच्या डायरीत आहे, उद्या मीच फोन करणार आहे, दोन-चार हात जागा विकत देतोस का म्हणून.